शेवटचा नग मालकाच्या हातानं

आमचा मालधक्का पाडायचा ठरलाय, ही बातमी मला भाजीवालीनं दिली. मेथीची जुडी माझ्या पिशवीत टाकता टाकता म्हणाली, "बाई, तुमचा धक्का पाडून राह्यले म्हणते. तिथं मोटारी उभ्या कराले मोकळी जागा करणार हाय." मी जुडी परत तिच्या टोपलीत ठेवली आणि घरी आले. त्या दिवशी भाजी झालीच नाही. पिठलं केलं, तेही खारट झालं.

खरं म्हणजे तो धक्का माझा कुठून आला? रेल्वेचा. मी तिथली साधी नोकर. पण उमेदीची सगळी वर्षं जिथं घालवली, त्या जागेला दुसऱ्याची म्हणायला माझी जीभ वळत नाही. म्हातारपणी माणूस हट्टी होतं म्हणतात. मी तरुणपणीही हट्टीच होते, तेव्हा वयाला कशाला बोल लावू?

लोक विचारतात, "रेल्वेत तुम्ही काय होता?" मी सांगते, मालबाबू. मग समोरचा माणूस गोंधळतो. तिकीटबाबू सगळ्यांना माहीत, गार्ड माहीत, झेंडी दाखवणारा माहीत. मालबाबू कोणालाच माहीत नाही. समजावून सांगायचं तर एवढंच, की प्रवाशाला जसं तिकीट तशी मालाला बिल्टी. प्रवासी स्वतः चढतो, स्वतः उतरतो, खिडकीसाठी भांडतो. मालाला तोंड नाही. तो कुठं जायचा, किती वजनाचा, वाटेत भिजला तर कोण जबाबदार, हे त्याच्या वतीनं बोलायला एक माणूस लागतो. तो मालबाबू. नवरा रेल्वेत होता, तो अचानक गेला आणि मला अनुकंपेवर ही जागा मिळाली. वर्धा आणि नागपूर यांच्या मधलं एक लहान स्टेशन. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण यात काही माणसं येणार आहेत आणि ती अजून रोज सकाळी मला भेटतात.

मी हजर झाले तेव्हा हमालांना प्रश्न पडला की मला हाक काय मारायची. बाईला 'बाबू' कसं म्हणावं? दोनचार दिवस ते खोकून लक्ष वेधून घ्यायचे. शेवटी त्यांच्या जमादारानं, देवरावनं, तोड काढली. "बाबूबाई," तो म्हणाला, "डबा लागला." डबा म्हणजे वॅगन. तेव्हापासून आजपर्यंत सगळ्या गावाची मी बाबूबाई.

आता इमारतीबद्दल सांगते, कारण हे सगळं तिच्यासाठीच लिहायला घेतलंय. बाहेरून पाहिलं तर लांबट काळ्या दगडी चौथऱ्यावर टाकलेलं पत्र्याचं छप्पर, एवढंच. फोटो काढायला कोणी थांबणार नाही. पण जरा आत येऊन बघा. तिचे खांब जुन्या रुळांचे आहेत. झिजलेले रूळ टाकून न देता कोणा शहाण्यानं उभे पुरले आणि त्यांच्यावर छप्पर ठेवलं. रंगाचे इतके थर चढलेत, तरी बोट फिरवलं की विलायती कारखान्याची उठावाची अक्षरं लागतात. फरशी दगडी, दाराकडे किंचित उतरती, म्हणजे धुतली की पाणी आपलं आपण निघून जातं. चौथऱ्याची उंची वॅगनच्या तळाबरोबर, त्यामुळे हमालाला कट्टा, म्हणजे भरलेलं पोतं, उचलून वर चढवावा लागत नाही, सरळ चालत डब्यात जायचं. मागच्या बाजूला, जिकडे रूळ होते तिकडे, छप्पर पुढे पार वॅगनच्या माथ्यावर गेलेलं. धो धो पाऊस पडू द्या, माल भरताना एक थेंब आत येत नसे. पुढची बाजू बैलगाड्यांसाठी. तिथलं छप्पर ठेंगणं, कारण बैलगाडीला उंची ती किती? ज्यानं कोणी हे बांधलं, त्यानं आधी हमालाच्या पाठीचा विचार केला आणि मग नकाशा काढला, असं मला नेहमी वाटत आलंय. त्याचं नाव कुठं कोरलेलं नाही. असतं तर मी दसऱ्याला तिथं दोन फुलं वाहिली असती.

आणि दारं! लोखंडी चाकांवर सरकणारी ती अवजड दारं उघडली की अशी किंचाळायची, की गावातली पोरं झोपेतून उठायची आणि बाया म्हणायच्या, "डबा लागला वाटते." मी तेल घालायला सांगितलं, तर देवराव म्हणाला, "नका घालू बाबूबाई. गाडीवान त्या आवाजानंच जागे व्हते."

देवराव म्हणजे बुटका, रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा माणूस. तो रेल्वेचा नोकर नव्हता. ठेकेदाराच्या हमालांचा जमादार. पण धक्क्यावर त्याच्या शब्दाबाहेर कोणी जात नसे, मीसुद्धा नाही, हे मी आता कबूल करायला हरकत नाही. त्याच्या टोळीत एक रीत होती. वॅगन भरत आली, की शेवटचा नग हमालानं चढवायचा नाही. सगळे हमाल दोन पावलं मागे सरायचे, देवराव म्हणायचा, "मालक, हात लावा," आणि ज्याचा माल त्यानं स्वतः शेवटचं पोतं, पेटी, गाठ जे असेल ते आत ठेवायचं. जड असेल तर हमाल खालून आधार देत, पण हात मालकाचा. मग देवराव डब्यात एकदा नजर टाकायचा आणि लांबवर आरोळी द्यायचा, "भरलीऽ!" ती आरोळी ऐकली की मी डब्याच्या दाराला लावायचं शिशाचं सील आणि पक्कड घेऊन बाहेर यायची. त्याच्या 'भरली'शिवाय मी कधी सील लावलं नाही. एक वेळ सोडून. ती पुढे सांगते.

या रितीत व्यवहार होताच. मालकानं डोळ्यांनी पाहिलं, हातानं ठेवलं, उद्या कमी निघालं म्हणून हमालावर आळ नको. पण नुसता व्यवहार नव्हता. मी एकदा विचारलं, तर देवराव म्हणाला, "पोरगी सासरी जाते तं गाडीत बसवून कोण देते? भाड्याचा माणूस देते का? ज्याची त्यानं वाटे लावाव."

गिऱ्हाइकं तर एकेक अशी यायची, की सांगता सोय नाही. तळेगाव श्यामजी पंतहून एक संत्र्याचे सेठ यायचे. तळेगाव आम्हाला मुळीच जवळ नाही, पण मोठ्या स्टेशनातल्या कोणाशी तरी त्यांचं बिनसलं होतं आणि त्या रागापायी ते एवढा वळसा घालून आमच्याकडे माल आणायचे. आले की पेट्यांच्या थप्पीवरच बसायचे. जेवण तिथं, डुलकी तिथं. हिंगणीकडची केळी शेजारी आली की यांची कटकट सुरू. "बाई, ते केळं लांब ठेवा. केळ्याच्या संगतीनं माह्यी संत्री लवकर पिकते." लसूण आला तर विचारूच नका. मी म्हणायची, "सेठजी, हा मालधक्का आहे, सोयरीक जमवत नाही आपण." त्यावर ते गंभीरपणे म्हणायचे, "नाई जमवत तं जमवा. शेजार चांगला पाह्यजे बाई." शेवटची पेटी ठेवायची वेळ आली की मात्र या बडबड्या माणसाचा आवाज बंद व्हायचा. धोतराला हात पुसून पेटी उचलायचे, आत सरकवायचे, आणि वरच्या पेंढ्यावर दोनदा थोपटायचे. मला तेव्हा हसू यायचं. पुढे माझी लेक सासरी गेली तेव्हा मी तिच्या बॅगेवर तसंच थोपटलं, आणि मग सेठजींची आठवण येऊन रडूही आलं.

एका उन्हाळ्यात मात्र आम्ही सगळे जळून मेलो असतो. धक्का कापसाच्या गाठींनी छपरापर्यंत भरलेला होता. दुपारची वेळ, बाहेर फुफाटा. माझ्या टेबलाशी मला जळक्या चिंधीसारखा वास आला. देवराव तोवर उठून उभा होता. कापसाची आग दिसत नाही, हे बाहेरच्यांना माहीत नसतं. दाबून बांधलेल्या गाठीच्या पोटात ठिणगी गेली की ती आतल्या आत धुमसत राहते, दिवसच्या दिवस. वरून गाठ पांढरीशुभ्र. गाठीभोवतीची पट्टी तोडली, वारा लागला, की भडका. आणि शेजारी शेकडो गाठी.

देवरावनं टोळीला विड्या फेकायला लावल्या आणि तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा एकेका गाठीवर तळहात ठेवत निघाला. कापूसवाल्या फर्मचा मुनीम माझ्या खुर्चीमागे उभा राहून देवाचं नाव घेत होता, मग तोही दिसेनासा झाला. मधल्या रांगेत देवराव थांबला. "हे हाय." त्या गाठीवरच्या गाठी काढल्या, तिला आडवी केली आणि त्या उतरत्या फरशीवरून सरकवत दारापर्यंत आणली. उचलावी लागली असती तर पट्टी तुटली असती. फरशीच्या त्या जराशा उतारानं आम्हाला वाचवलं. गाठ बाहेर पडली, लांब पडीक रानात ओढत नेली, कोयत्यानं पट्टी तोडली, आणि भक्कन जाळ उठला. मी धक्क्याच्या खांबाला धरून उभी राहिले. खांब थंड होता. तेव्हापासून ही इमारत मला आपली वाटायला लागली असावी.

त्याच संध्याकाळी उरलेल्या गाठी भरायच्या होत्या. भरल्या. शेवटची राहिली आणि हमाल मागे सरले. मुनीम कुठंच नाही. इंजिन शिट्ट्या मारतंय, स्टेशनमास्तर ओरडतोय. मी म्हणाले, "देवरावजी, आज तुम्हीच ठेवा. तुम्ही वाचवलाय हा माल." तो जागचा हलला नाही. "बाबूबाई, याच्यात माह्या मालकीचं काय हाय? मी कसा हात लावू?" शेवटी दोघा जणांनी मुनीमजींना चहाच्या टपरीमागून शोधून आणलं. तो गाठीला हात लावेना, ती देवरावनंच खालून रेटली. मुनीमानं नुसती बोटं टेकवली. मग आरोळी झाली. इंजिन ड्रायव्हरनं मला काय काय सुनावलं ते इथं लिहिण्याजोगं नाही.

पुढे दिवस बदलले. माल ट्रकनं जाऊ लागला. ट्रक शेतातून उचलतो, दुकानाच्या दारात टाकतो. रेल्वेला ते कसं जमावं? मग रेल्वेनंही लहान स्टेशनांवरून एकेक वॅगन भरणं बंद केलं. राग धरण्यासारखं त्यात काही नव्हतं, पण मी धरला.

आमच्या धक्क्यावरून जी शेवटची वॅगन निघाली, तिच्यात कोणाचा माल नव्हता. धक्क्याचंच सामान होतं. वजनकाटा, ढकलगाड्या, ताडपत्र्या, सगळं मोठ्या स्टेशनात जमा करायचं होतं. देवरावच्या टोळीतले उरलेसुरले चौघं आले. भरता भरता शेवटी दोरखंडाचं एक भेंडोळं राहिलं. सवयीनं सगळे मागे सरले. देवराव माझ्याकडे वळला. "बाबूबाई, हे कोणाचं हाय?"

"रेल्वेचं."

"मंग रेल्वेले बोलवा."

माझा जीव आधीच आंबला होता. मी खेकसले, "रेल्वे काय पायांनी चालत येणार आहे का देवरावजी? टाका आत आणि मोकळे व्हा." एका तरुण हमालानं भेंडोळं उचलून आत भिरकावलं. देवरावनं डब्यात पाहिलंच नाही. उपरणं खांद्यावर टाकलं आणि धक्क्याच्या पायऱ्या उतरून घरी गेला. 'भरली' कोणी म्हणालं नाही. मी तसंच सील लावलं.

त्याचं घर धक्क्यासमोरच, रस्त्यापलीकडे. अंगणात बाजेवर बसलं की धक्का दिसतो. पण त्या दिवसानंतर तो रस्ता ओलांडून आला नाही. भावाकडे पडून असलेलं आपल्या वाट्याचं वावर कसायला लागला. मी निवृत्त झाले. धक्क्यामागच्या सायडिंगचे रूळ एक दिवस माणसं येऊन उचलून घेऊन गेली. दारांना गंज चढला, आत वटवाघळांनी, म्हणजे आमच्याकडच्या चामचिडक्यांनी, घर केलं.

भाजीवालीनं ती बातमी सांगितली त्याच आठवड्यात देवरावची सून वैशाली माझ्याकडे आली. चुणचुणीत बाई. आमच्या आणि आजूबाजूच्या गावांतल्या बायांचा गट चालवते. सगळ्या हळद पिकवणाऱ्या. उकडून, वाळवून, घासून हळकुंडं तयार करतात, पण साठवायला कोरडी, हवेशीर जागा नाही म्हणून येईल त्या भावात व्यापाऱ्याच्या पदरात टाकतात. म्हणाली, "काकू, तो धक्का आमाले भेटला तं? मुंबईचा एक व्यापारी सरळ आमच्याकडून घ्याले तयार हाय. पण म्हणते, माल एका जागी पाह्यजे, निवडलेला, कोरडा."

मी म्हणाले, "अगं, तिथं चामचिडक्या आहेत."

"चामचिडक्या हाकलता येते काकू. नवा धक्का बांधता येते का?"

मला ही मुलगी तिथंच आवडली. आम्ही दोघी अर्ज घेऊन फिरलो. किती दारं पालथी घातली ते सोडा. शेवटी पाहणीला रेल्वेचे एक तरुण साहेब आले. सभ्य माणूस. खांबांवरची अक्षरं त्यांनी मोबाईलच्या उजेडात वाचली, चौथऱ्यावरून हात फिरवला. म्हणाले, "इमारत दणकट आहे, ते मला दिसतंय. पण रिकाम्या इमारती सांभाळायला वरून कोणी परवानगी देत नाही. एक हंगाम वापरून दाखवा. इथून माल खरंच बाहेर पडतो हे मी स्वतः बघितलं, की पाडायचं प्रकरण मी थांबवतो. नाही पडला, तर माझा इलाज नाही."

बायांनी धक्का असा घासला, की मी माझ्या घराच्या फरशीला लाजले. दारांच्या चाकांना तेल दिलं. तरी पहिल्यांदा सरकवल्यावर दार पूर्वीसारखंच किंचाळलं. मी वळून रस्त्यापलीकडे पाहिलं. देवराव बाजेवर उठून बसला होता. पण आला नाही. वैशाली म्हणाली, "मामाजीले म्या कितींदा म्हटलं, चाला. म्हणते, तिथं माह्यं काय काम?"

हंगामभर हळद येत गेली. कट्ट्यांच्या थप्प्या लागल्या. एका कट्ट्यालाही बुरशी धरली नाही, कारण छपराच्या कण्याला वारा जायची फट आहे आणि दगडी चौथरा ओल वर चढू देत नाही. मी येणाऱ्याजाणाऱ्याला हे ऐकवायची. बाया कंटाळून म्हणायच्या, "हो बाबूबाई, सांगतलं तुम्ही."

मग माल निघायचा दिवस आला. चैत्राचं ऊन. जाम गावच्या चौरस्त्यावरून ठरवलेला मोठा ट्रक आला, साहेबही वेळेवर आले आणि एका खांबाला टेकून उभे राहिले. ट्रक पुढच्या बाजूला आला आणि पहिल्याच फटक्यात अडकला. बैलगाडीसाठी बांधलेल्या ठेंगण्या छपराखाली तो घुसेना. मग मागे सरून धक्क्यापुढच्या अंगणात मोकळ्यावर उभा राहिला. बायांनी कट्टे डोक्यावर घेऊन अंगण ओलांडायला सुरुवात केली, आणि तेवढ्यात नागपूरच्या बाजूनं आभाळ काळंकुट्ट झालं. अवकाळी. विदर्भात राहणाऱ्याला सांगायला नको, पाच मिनिटांत काय होतं ते. वाळलेल्या हळकुंडाला पाणी लागलं की ते काळं पडतं, त्याला कोणी विचारत नाही. व्यापाऱ्यानं बजावलं होतं, भिजलेला कट्टा दिसला तर सगळा ट्रक परत. वैशालीचं तोंड उतरलं. दोन टपोरे थेंब माझ्या चष्म्यावर पडले.

ड्रायव्हर इंदूरकडचा, पान खाणारा, शांत माणूस. तो इमारतीला चक्कर मारून आला. "माताजी, पीछे से लगा देता हूँ. उधर का छप्पर बड़ा है."

मी हात आडवा केला. "तिकडं नाही. तिकडं लाईन आहे."

त्यानं बायांकडे पाहिलं. बायांनी माना हलवल्या. "हो भाऊ, तिकडं नका नेऊ. तिकडं डबा लागते." माझी सगळी नोकरी तिकडं ओरडण्यात गेली होती. लाईनवर मिरच्या वाळत घालू नका, लाईनवर शेळी बांधू नका, लाईनवर पोर बसवू नका. या बायांच्या सासवांनी ते ऐकलं, मग सुनांना तेच सांगितलं. गावात अजून कोणी तिथून सरळ जात नाही. वळसा घालून जातात.

ड्रायव्हर परत मागे गेला, वाकून बघितलं, आणि आला. "कौनसी लाईन, माताजी? उधर तो बकरियाँ चर रही हैं."

मी त्याच्याबरोबर मागे गेले. खरंच शेळ्या चरत होत्या. रुळांच्या जागी गवत, खाली खडीचा घट्ट बांधलेला पट्टा, आणि त्यावर ते लांबरुंद छप्पर, वॅगनची वाट बघत पुढे आलेलं. रूळ उचलून नेले तेव्हा मी स्वतः इथं उभी होते. तरी माझ्या डोळ्यांना ते आजवर दिसत होते. मी एवढंच म्हणाले, "लाव बाबा. लवकर लाव."

ट्रक रिव्हर्स घेत त्या छपराखाली आला आणि थांबला. मागचं फाळकं पाडलं, तर ते चौथऱ्याच्या काठावर अलगद टेकलं. बोटभराचाही फरक नाही. इतक्या वर्षांपूर्वी वॅगनसाठी घेतलेलं माप, आणि आजच्या ट्रकला जसंच्या तसं बसलं. साहेब खांबाचा टेका सोडून पुढे आले आणि काठाशी उकिडवे बसून बघत राहिले. तेवढ्यात पाऊस सुरू झाला. पत्र्यावर असा ताशा वाजायला लागला, की बोललेलं ऐकू येईना. आणि छपराखाली बाया कोरड्या फरशीवरून कट्टे सरकवत, ओढत, सरळ ट्रकात नेत होत्या. डोक्यावर घ्यायची गरजच नाही. एक म्हणाली, "बाई वो, हे तं घरातल्या घरात चालल्यावानी हाय." मला कोणाला तरी मिठी मारावीशी वाटली. खांब जवळ होता, त्याच्यावरच हात ठेवला.

ट्रक भरत आला तेव्हा पुढच्या दारात कोणीतरी उभं असल्याचं दिसलं. देवराव. डोक्यावर गोणपाटाची खोळ, अंगातून पाणी निथळतंय. आपल्या अंगणातून त्यानं उघड्या दारांमधून धक्क्याच्या मागे, जिथं डबा लागायचा तिथं, गाडी लागलेली पाहिली होती. तो हळूहळू आत आला. खोळ काढून दाराबाहेर झटकली. पाय पुसले. थप्पीकडे बघितलं, ट्रकात डोकावला, आणि एका बाईला म्हणाला, "तो कट्टा उभा नोको ठेवू बाई. आडवा ठेव. वाटेत कलंडते." बस, मग तो होताच.

शेवटी एकच कट्टा उरला. देवराव सवयीनं दोन पावलं मागे सरला. त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि नेहमीच्या आवाजात म्हणाला, "मालक कोण हाय? हात लावा."

बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. वैशाली पुढे झाली. मला वाटलं ती कट्टा उचलेल. तिनं उचलला नाही. त्याच्यावरची निळी सुतळी दाखवून म्हणाली, "मामाजी, हा आपल्या घरचा हाय. तुमच्या वावरातला. म्या मुद्दाम मागं ठेवला."

देवरावला ते कळायला वेळ लागला. "माह्या वावरातला?"

"हो. मालक तुमीच हाय."

आणि तेव्हा, कोणी सांगितलं नसताना, सगळ्या बाया दोन पावलं मागे सरल्या. ड्रायव्हरही सरला. साहेबही उठून मागे गेले. मध्ये तो एकटा कट्टा आणि तो एकटा म्हातारा. आयुष्यभर त्यानं दुसऱ्यांसाठी ही जागा मोकळी करून दिली होती. आता तिथं उभं कसं राहायचं हे त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "देवरावजी, हात लावा."

त्यानं हात धोतराला पुसले. वाकला. वैशालीनं खालून आधार द्यायला हात पुढे केला, त्याला त्यानं मानेनंच नको म्हटलं. कट्टा छातीशी धरून तो चौथऱ्यावरून ट्रकात चालत गेला, जागेवर आडवा ठेवला, आणि वाकूनच उभा राहिला. हात कट्ट्यावर तसाच. मग त्यानं दोनदा थोपटलं.

बाहेर आला. ट्रकात एकदा नजर टाकली, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. पाऊस पत्र्यावर वाजतच होता. देवरावनं मान वर केली आणि लांबवर आरोळी दिली, "भरलीऽ!"

साहेबांनी पुढे शब्द पाळला. धक्का उभा आहे, बायांकडे आहे, भाजीवाली आता मला मेथीबरोबर हळदीचे भाव सांगते. पण ते सगळं नंतरचं. त्या क्षणी मला एवढंच कळलं, की मी चालायला लागले आहे. ट्रकच्या फाळक्यापाशी जाऊन उभी राहिले आणि उजवा हात पुढे केला, सील लावायला. हातात काहीच नव्हतं. ड्रायव्हरनं माझ्या हाताकडे पाहिलं, काय समजला कोण जाणे. त्यानं फाळक्याची साखळी माझ्या हातात दिली. ती मी अडकवली.